'माफीचा साक्षीदार': बंद दाराआड काय घडलं, हे सांगितलं कुणी?

राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' १९८६ साली आला. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल येरवडा कारागृहात चौघांना फाशी होऊन (२७ नोव्हेंबर १९८३) तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यामुळे पुण्यातल्या प्रेक्षकाला नाना पाटेकर पडद्यावर आल्या आल्या त्या चौघांमधला जक्कलच दिसला. आज तो चित्रपट पुन्हा पाहायचा तर शीर्षकापासून सुरुवात करावी. तो कायद्यातला शब्द आहे: माफीच्या बदल्यात आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. आणि सगळी गोम त्यातच आहे.

आधी घटनाक्रम. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह आणि पुढे माफीचा साक्षीदार झालेला पाचवा, हे सगळे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा, जानेवारी १९७६. त्याला कर्वे रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये डांबलं आणि घरच्यांसाठी चिठ्ठी लिहून घेतली. नंतर खून करून मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कातल्या तळ्यात सोडला. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे मारले गेले. २२ नोव्हेंबरला शंकरशेठ रस्त्यावरच्या एका घरात नोकरांनी प्रतिकार केला आणि टोळी पळाली. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृत व्याकरणकोशाचे कर्ते काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाई असे पाच जण मारले गेले. त्या हिवाळ्यात पुण्यातले रस्ते संध्याकाळीच ओस पडत आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय कुणी कडी काढत नसे. शेवटचा खून २३ मार्च १९७७चा, म्हणजे आणीबाणी उठल्यावर दोनच दिवसांनी. शिडीला बांधून, दगड लावून नदीत टाकलेला तो मृतदेह दुसऱ्याच दिवशी वर आला.

इथे तपासाला दोरी सापडली, शब्दशः. नायलॉनची दोरी गुळगुळीत. साधी गाठ तिच्यावर सरकते, म्हणून बांधणारा आपल्या सवयीची गाठ मारतो. घरांमध्ये मिळालेल्या गाठी आणि या मृतदेहावरच्या गाठी एकाच धाटणीच्या होत्या.

पण जोशी आणि अभ्यंकर यांच्या घरातून जिवंत कुणीच बाहेर आलं नव्हतं. आत कोण कुठे उभा होता, कोण काय बोललं, हे कोर्टात सांगू शकणारा उरला तो टोळीतलाच एक. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३च्या कलम ३०६नुसार अशा आरोपीला माफी देता येत होती. अट एकच: स्वतःच्या सहभागासकट सगळं खरं सांगायचं. काही दडवलं तर कलम ३०८खाली माफी जाऊन पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात. आधीपासून जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीही सुटत नसे. ही माफी काही फुकटची नव्हे. शिवाय तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १३३ साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देऊ देत होतं, तर कलम ११४खालचं उदाहरण न्यायाधीशाला बजावत होतं की महत्त्वाच्या तपशिलांना स्वतंत्र दुजोरा मिळेपर्यंत तिच्यावर विसंबू नये. गाठी, तळ्यातलं पिंप, शंकरशेठ रस्त्यावरचे बचावलेले लोक यांचं मोल म्हणूनच. खटला १५ मे १९७८ला उभा राहिला आणि २८ सप्टेंबरला शिक्षा झाली.

सिनेमाला दुजोऱ्याची गरज नसते. त्यात तेव्हाच्या मराठी निर्मात्याचा हिशोब फिल्मच्या डब्यांवर चाले. ३५ मिमीचा हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. रस्ते, गर्दी, पोलिसांचा शहरभरचा फौजफाटा हे खर्चाचं काम. चार भिंती, एक दिवा आणि दारावरची थाप स्वस्तात होते. त्यामुळे असा चित्रपट खोलीतच थांबतो, आणि प्रेक्षकाची भीतीही तिथेच साचते. मात्र खटल्यात नेमका तोच भाग एका साथीदाराच्या तोंडच्या शब्दांवर सर्वांत जास्त टेकलेला होता.