माणसं वाढवली की प्रोजेक्ट लवकर संपतो?
‘डेडलाइन चुकतेय? मग चार पोरं अजून लावा की!’ कोल्हापुरातल्या आयटीवाल्यांना हा सल्ला नवा नाही. ऊसतोडीला तो लागू पडतो. टोळी वाढली की फड लवकर रिकामा होतो. पण गुऱ्हाळात काहिलीभोवती दहा गुळवे उभे केले म्हणून रस लवकर आटत नाही. कोडचंही तसंच. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं: रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १०, दहा जणांत थेट ४५! शिवाय नव्याला कोडबेस, म्हणजे आधी लिहिलेला सगळा कोड, समजावणार कोण? जुनाच, ज्याला आधीच जेवायला सवड नाही. सुरुवातीलाच माणसं घेतली असती तर गोष्ट वेगळी. आता टीम लीडनं क्लायंटला फोन लावून दोन फीचर पुढच्या रिलीजला ढकलावीत.