शिसेबाधा, बालकांतील

शिसेबाधा, बालकांतील : शिसे या जड धातूची धूळ, धूर किंवा क्षार लहान मुलांच्या शरीरात साचल्यामुळे मेंदूची वाढ, बुद्धी व वर्तन यांत येणारा बिघाड. तीव्र प्रकारात पोटशूळ, उलट्या, पांडुरोग, झटके व बेशुद्धी दिसते. असे रुग्ण आता विरळा आढळतात. नेहमी आढळणाऱ्या सौम्य प्रकारात मूल आजारी दिसतच नाही. ते चंचल, धांदरट किंवा ‘अभ्यासात मागे’ ठरते. निदान होते ते केवळ रक्ततपासणीने.

या नोंदीत शिशाच्या स्रोतांचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांपुरता केला आहे. तेथील जमीन मुख्यतः बेसाल्ट खडकाची आहे आणि बेसाल्टमध्ये शिशाचे नैसर्गिक प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे या भागात शिशाचा शोध मातीत किंवा कृष्णेच्या पाण्यात घेण्याआधी धंद्यात, भांड्यांत, मसाल्यात व रंगात घ्यावा लागतो.

बालकांनाच धोका अधिक का : पोटात गेलेल्या विद्राव्य शिशापैकी प्रौढ व्यक्ती सुमारे १० टक्के शोषून घेते, तर लहान मूल ४० ते ५० टक्के. उपाशीपोटी हे प्रमाण आणखी वाढते. लोहाची कमतरता असेल तर आतड्यातील लोहवाहक प्रथिने वाढतात व त्याच वाटेने शिसेही आत शिरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांची सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली; हा आकडा शिसेबाधेच्या चर्चेत सहसा येत नाही, पण यायला हवा. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हातातोंडातून गिळते, म्हणून रक्तातील पातळी दीड ते तीन वर्षे वयात सर्वाधिक असते. रक्तातील शिशाचा अर्धायुकाल सुमारे एक महिना असला, तरी हाडांतील शिसे दशकानुदशके टिकते. गरोदरपणात व अंगावर पाजताना आईच्या हाडांतील कॅल्शियमबरोबर तेही सुटते आणि अर्भकापर्यंत पोहोचते.

मेंदूवरील क्रिया : शिशाचा आयन कॅल्शियमच्या आयनाची जागा घेतो. त्यामुळे चेतापेशींमधील संदेशद्रव्ये अवेळी सुटतात, शिकणे व स्मरण यांसाठी लागणारे एनएमडीए ग्राही (चेतापेशींवरील संदेश घेणारी प्रथिने) अडतात आणि वापरातील जोडण्या पक्क्या होऊन बिनवापराच्या छाटल्या जाण्याची बालपणातील प्रक्रिया बिघडते. रक्तरंजक तयार करणारे अ‍ॅलाड हे विकरही दबते. कामगारांच्या तपासणीत याच विकराची क्रिया मोजतात. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे बालपणापासून तपासलेल्या व्यक्तींच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांत (एमआरआय) मोठेपणी अग्रमस्तिष्कातील करडे द्रव्य कमी आढळले. लक्ष टिकवणे व आवेगांना आवर घालणे ही कामे याच भागाची.

उंबरठ्याचा वाद : ज्या पातळीखाली शिसे निरुपद्रवी ठरते असा काही उंबरठा आहे का, हा वाद जुना आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मुलांच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात असल्याचे दाखवले. तरी मूल वाचले की ते पूर्ण बरे झाले, अशी समजूत नंतरही टिकली. १९४३ मध्ये बायर्स व लॉर्ड या डॉक्टरांनी बॉस्टन येथे बऱ्या होऊन घरी गेलेल्या २० मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा एक सोडून सर्व मुले शाळेत मागे पडली होती. १९७९ मध्ये अमेरिकी संशोधक हर्बर्ट नीडलमन यांनी रक्ताऐवजी पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. दातातील प्रमाण जसे चढत गेले, तशा लक्ष विचलित होण्याबद्दलच्या शिक्षकांच्या तक्रारीही पायरीपायरीने वाढल्या. या मुलांपैकी कोणालाही विषबाधेची लक्षणे नव्हती.

यावर दोन आक्षेप आले. गरीब वस्तीत शिसेही जास्त आणि शिक्षणही तोकडे, तेव्हा परिणाम गरिबीचा असू शकतो, हा पहिला. मुळात मंद असलेले मूल जास्त काळ वस्तू तोंडात घालते, म्हणजे कार्यकारणभाव उलटा आहे, हा दुसरा. जन्मापासून मुलांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांनी दोन्ही आक्षेप बरेच निष्प्रभ केले. असे सात अभ्यास व १,३३३ मुले एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात रक्तातील शिसे २.४ वरून १० मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर होताना बुद्ध्यंक ३.९ गुणांनी, १० ते २० दरम्यान १.९ गुणांनी आणि २० ते ३० दरम्यान १.१ गुणाने घटलेला आढळला. म्हणजे पहिल्या थोड्या शिशाचे नुकसान सर्वांत मोठे. या वक्र संबंधावर संख्याशास्त्रीय शंका घेतल्या गेल्या असल्या, तरी सुरक्षित उंबरठा नाही हे मत आता सर्वमान्य म्हणावे लागेल. अमेरिकेतील दखलपातळी (जिच्यापुढे दखल घ्यायची ती रक्तातील पातळी) १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम होती. ती टप्प्याटप्प्याने १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा अधिक पातळीस स्रोत शोधण्यास सांगते.

वर्तनाबाबत चित्र इतके स्वच्छ नाही. चेन्नईतील ३ ते ७ वर्षांच्या मुलांच्या २००९ मधील अभ्यासात शिसे व शिक्षकांनी नोंदवलेली अस्वस्थता, चिंता आणि सामाजिक अडचणी यांचा संबंध दिसला. पुढील आयुष्यातील गुन्हेगारीशी सिनसिनाटीत संबंध सापडला. पण न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे, जिथे शिसे गरीब-श्रीमंत भेद न करता पेट्रोलच्या धुरातून सर्वांना मिळाले होते, तिथे हा संबंध क्षीण निघाला. बुद्ध्यंकातील घट मात्र तेथेही टिकली. म्हणून लक्ष व आवेगनियंत्रण यांवरील परिणाम सिद्ध मानून गुन्हेगारीबाबत हात राखून बोलणे योग्य.

सातारा-सांगलीतील संभाव्य स्रोत : विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) व्यवसाय देशभर पसरला आहे. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत अशुद्ध चांदी शिशाबरोबर राखेच्या मुशीत तापवतात. हवेच्या झोताने शिशाचे मुर्दाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होते, ते इतर हीण धातूंसह राखेत मुरते व चांदी उरते. सुमारे ९५० अंश सेल्सियसच्या या तापमानाला शिशाच्या ऑक्साइडचा धूर सुटतोच आणि थंड झालेली राख चाळताना धूळ उडते. नायट्रिक आम्लाच्या रीतीत शिसे लागत नाही. तिच्यातला तांबूस धूर वेगळा, तो फुप्फुसांचा शत्रू. गाव सोडून परराज्यात दुकान व बिऱ्हाड एकाच जागी थाटले असेल, तर मुशीची राख आणि मुलाचा पाळणा यांच्यात जेमतेम एक भिंत असते. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिशाच्या पाट्या वितळवण्याचे कामही तसेच. शिसे ३२७ अंशांना, म्हणजे साध्या चुलीवर, वितळते आणि तीच अडचण आहे. कराडच्या वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार, चांदीचे दागिने घडवणारे व स्प्रे पेंटर तपासले, तेव्हा तिन्ही गटांत रक्तातील शिसे वाढलेले व अ‍ॅलाडची क्रिया घटलेली आढळली. हे अभ्यास प्रौढांचे आहेत. कामाचे कपडे व चपला घरात न आणणे, ते कपडे वेगळे धुणे, अंघोळ करूनच मुलाला उचलणे आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, इतक्याने घरी येणारी धूळ बरीच घटते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शिजवणे, वाळवणे वा हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालील कोठारांत) साठवणे यांतील कशातच शिसे नाही. ते येते पॉलिश किंवा दळणाच्या वेळी चमक यावी म्हणून घातलेल्या पिवळ्या लेड क्रोमेटमधून. या रंगद्रव्याच्या वजनात ६४ टक्के शिसे असते. किलोभर हळदीत एक ग्रॅम रंग मिसळला तर प्रमाण ६४० पीपीएम (दहा लाख भागांत ६४० भाग) होते. भारतीय मर्यादा १० पीपीएम आहे. मूल दिवसाला एक ग्रॅम हळद खात असेल तर भेसळीतून ६४० मायक्रोग्रॅम, तर मर्यादेत बसणाऱ्या हळदीतूनही १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे पोटात जाते. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने बालकांच्या आहारासाठी ठरवलेला संदर्भ आकडा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर टिकणारा गुलाबी रंग मेटॅनिल यलो या भेसळीच्या कृत्रिम रंगाचा पुरावा असतो, शिशाचा नव्हे. ही गल्लत वारंवार होते. पाण्यात टाकताच भडक पिवळा रंग सोडणारे हळकुंड संशयित समजावे, पण निर्णय प्रयोगशाळेतील धातुमापनानेच होतो. अखंड हळकुंडे घेऊन, धुऊन-वाळवून डोळ्यांदेखत दळून घेणे हा घरगुती मार्ग बरा.

कल्हईसाठी शुद्ध कथील हवे. ते २३२ अंशांना वितळते. त्यात शिसे मिसळले की वितळणबिंदू १८३ अंशांपर्यंत उतरतो, मालही स्वस्त पडतो. शुद्ध कथिलाची कांडी वाकवताना करकर आवाज येतो. शिसे भरपूर असलेली कांडी मऊ असते, मुकाट वाकते व कागदावर करडी रेघ उठवते. अशा कल्हईच्या भांड्यात ताक, कढी, चिंचेची आमटी ठेवली की आम्लामुळे शिसे अन्नात उतरते. भंगार वितळवून केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांतही हा दोष आढळतो.

मारुतीला लावायचा शेंदूर परंपरेने शिशाचे लाल ऑक्साइडच. मूर्तीवरून निखळलेले शेंदराचे कवच ओले करून उचलावे. ते मुलांच्या हाती देऊ नये. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी ऑइलपेंट दिलेली वाड्यांची दारे-खिडक्या कोरड्या खरवडल्या तर सारे घर धुळीने भरते. ओल्या पॉलिशपेपरने घासावे, खाली प्लास्टिक अंथरावे आणि काम संपेपर्यंत गरोदर स्त्री व मुले यांना दुसरीकडे ठेवावे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० मध्ये बंद झाले. नागभस्मयुक्त (शिशाचे भस्म असलेली) औषधे बालकांना देऊ नयेत.

तपासणी व उपचार : बोटातून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळून खोटी वाढ दिसते. हात साबणाने धुऊन नमुना घ्यावा आणि वाढीव निष्कर्ष शिरेतल्या रक्ताने पडताळावा. पहिला उपचार स्रोत काढणे हाच. सोबत लोह, कॅल्शियम व वेळेवर जेवण. रक्तातील पातळी ४५ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा अधिक असेल तर शिसे बांधून लघवीवाटे काढणारे सक्सिमर देतात : किलोमागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी ५ दिवस, मग दर १२ तासांनी १४ दिवस. झटके वा बेशुद्धी असल्यास रुग्णालयात कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए शिरेतून द्यावे लागते. नावात ‘कॅल्शियम’ नसलेले डायसोडियम ईडीटीए चुकून दिले गेल्यास रक्तातील कॅल्शियम कोसळून मृत्यू ओढवू शकतो. स्रोत कायम असताना ही औषधे दिल्यास आतड्यातून शोषण उलट वाढण्याची भीती असते. २० ते ४४ पातळीच्या ७८० मुलांवरील अमेरिकी चाचणीत सक्सिमरने रक्तातील शिसे उतरले, पण बुद्धी व वर्तनाच्या कसोट्यांत काहीही फरक पडला नाही.