मुंडी गोल झाली की आटे गेले? ‘बोल्ट स्लिप झालाय’ म्हणण्याआधी

“दादा, चेंबरचा बोल्ट स्लिप झालाय वो.” चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, आणि हा तिच्यातलं ऑइल सोडायचा बोल्ट. रविवारी सकाळी हा फोन आला की मी एकच विचारतो : पाना फिरतोय की बोल्ट फिरतोय? पलीकडे शांतता. कारण सोलापुरात तरी दोन अगदी वेगळ्या बिघाडांना आपण एकच शब्द वापरतो. बोल्टची मुंडी गोल झाली तरी ‘स्लिप’, आतले आटे (पेच) गेले तरी ‘स्लिप’. गॅरेजात तेच, स्पेअर पार्टच्या दुकानात तेच. मग एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं आणि शे-दोनशे रुपयांचं काम चेंबर बदलण्यावर जातं.

घरी ऑइल बदलणाऱ्याला मुंडी गोल होणं समजावून सांगायला नको. षटकोनाचे कोपरे झिजतात, पाना घसरतो, बोटांची सालं निघतात. कारणंही ठरलेली. फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि अ‍ॅडजस्टेबल पान्याचे जबडे जोर पडला की सैल होतात. चेंबरच्या बोल्टला या दोन्ही पान्यांनी हात लावू नये, यावर मी वाद घालायला तयार नाही. मुंडीवर टोपीसारखा बसणारा सहा पैलूंचा गोटी पाना घ्या, बारा पैलूंचा नको. त्यातही आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात ती मुंडीभोवती चिकटते, उन्हाळ्यात विटेसारखी वाळते आणि पाना अर्धाच बसतो. आधी तारेच्या ब्रशने मुंडी साफ करा, रॉकेलचा बोळा फिरवा, मगच पाना लावा. अजून एक : गाडीखाली आडवं झाल्यावर उलट-सुलटचा घोळ होतो आणि सोडवायच्या नादात माणूस बोल्ट आवळत राहतो. मुंडीकडे तोंड करून पाहा. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की बोल्ट सुटतो, तुम्ही बसून पाहा की झोपून.

आटे जाण्याचं तसं नाही. इथे मुंडी शाबूत असते. पाना घट्ट बसतो, बोल्ट फिरतोसुद्धा, आणि नुसता फिरतच राहतो. आवळायला जावं तर आवळत नाही, काढायला जावं तर बाहेर येत नाही. हाताला आधी जड लागत असतं आणि एका क्षणी लोण्यात सुरी जावी तसं हलकं होतं. तो क्षण ओळखता आला पाहिजे. तिथे थांबलात तर बरंच वाचतं.

हाताचा अंदाज नसेल तर खडू घ्या. मुंडीवर एक ठिपका, त्याच्यासमोर चेंबरवर दुसरा. आता पाना फिरवा. ठिपका जागचा हलला नाही आणि पाना फिरला, तर मुंडी गेली. ठिपका गोल गोल फिरतोय पण बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, तर आटे गेले. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कुणाला फोनही करू नका.

खरा घोळ यापुढे होतो, तो गाडी चालवून न्यायची की नाही या प्रश्नावर.

सोडवताना मुंडी गोल झाली आणि बोल्ट तसूभरही हलला नसेल, तर तो पहिल्याइतकाच घट्ट आहे. ऑइल आत आहे, गळती नाही. खाली पुठ्ठा ठेवून रात्रभर बघा, सकाळी कोरडा असेल तर गाडी खुशाल गॅरेजपर्यंत चालवत न्या. चार दिवसांनी नेलीत तरी चालेल. डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतून पंपाने ऑइल ओढून काढता येतं, म्हणजे यावेळचं ऑइल बोल्टला हात न लावताही बदलता येईल. आवळताना मुंडी गोल झाली असेल तर मात्र हा हिशोब लागू नाही, कारण बोल्ट पुरता बसला होता की नाही हे कळायला मार्ग नसतो.

आटे गेले असतील तर गाडी एक किलोमीटरही चालवायची नाही. लोक फसतात ते इथेच. बोल्ट फिरतोय, पण गळत तर नाही, मग नवीन ऑइल ओततात. उभ्या गाडीत तो उरल्यासुरल्या आट्यांवर टिकतोही. रस्त्यावर इंजिनाची थरथर सुरू झाली, ऑइल तापून पातळ झालं, की हळूहळू सरकत तो गळून पडतो. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत ऑइल ३ ते ३.५ लिटर. १४ मिलिमीटरच्या भोकातून ते रिकामं व्हायला दोन-चार मिनिटं पुरतात. ओळखीतल्या एकाची गाडी अशीच तुळजापूर रोडवर बसली. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलेला त्याने पाहिला होता, पण “पुढच्या पंपावर थांबू” म्हणाला. पंपापर्यंत पोचेतो बेअरिंगं गेली होती. त्याला घरून निघताना कुणीतरी सांगितलं होतं, “स्लिप झालेला बोल्ट काय होत नाही, माझी गाडी वर्षभर चालली.” सांगणाऱ्याची मुंडी गोल झाली होती आणि याचे आटे गेले होते. शब्द दोघांचा एकच. म्हणून मी या शब्दावर इतका चिडतो.

इलाजही एकमेकांच्या उलटे आहेत. मुंडी गोल झाली असेल तर पकड आणि जोर वाढवायचा. १७ ची मुंडी झिजली असेल तर १६ ची सहा पैलूंची गोटी हातोडीने ठोकून बसवा. नाही जमलं तर व्हाइस ग्रिप (जबडे लॉक होणारी पक्कड), तेही नाही तर मुंडीच्या कडेला छिन्नी तिरकी लावून सुटायच्या दिशेने ठोके. गंजलेल्या सायलेन्सरच्या बोल्टला आच देतात ते पाहून इथे गॅस कटर लावू नका, वर ऑइल भरलेलं आहे.

आटे गेले असतील तर जोर हा शत्रू. पान्याला पाइप लावून लांबी वाढवलीत तर उरलेले आटेही ओरबाडून निघतील. मुंडीच्या पाकळीखाली (बाहेर आलेल्या कडेखाली) पातळ स्क्रू ड्रायव्हर सरकवून बोल्ट हलकेच खाली ओढा आणि ओढत ओढत फिरवा, म्हणजे शिल्लक आटे धरतात आणि बोल्ट उतरतो. बाहेर आला की बोल्टावर बघा. त्याचेच आटे सपाट असतील तर नशीब चांगलं : नवा बोल्ट, नवा वायसर, काम संपलं. बोल्टावर चकचकीत पांढऱ्या धातूची स्प्रिंगसारखी तार गुंडाळून आली असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेलेत. मग माझं मत पक्कं आहे : हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे म्हणून बसवायची तारेची गुंडाळी. चेंबर उतरवून अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला चांगल्या लेथवाल्याकडे न्या आणि काम झाल्यावर आतून धुऊन घ्या, धातूचा बुरा राहता कामा नये. स्वतः आटे पाडत आत शिरणारा मोठ्या मापाचा बोल्ट मिळतो, तो मला पसंत नाही. तो सहज तिरका जातो आणि त्याचा बुरा चेंबरमध्येच पडतो. टेफ्लॉन टेप गुंडाळणं तर बंदच करा. गेलेल्या आट्यांना टेप ताकद देत नाही, आणि तिचे तुकडे पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

बोल्ट मधून तुटला तर त्याबद्दल कुणाचा गोंधळ होत नाही, ते सोडतो. स्पार्क प्लगचं मात्र सांगायला हवं. तिथेही अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि तिथला बुरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, दुपारी गावभर फिरून आलेलं इंजिन तासाभरातही निवत नाही. प्लग पहाटे काढा, थंड इंजिनावर.

आटे जातात ते बहुतेक वेळा आधीच्या वेळी कुणीतरी केलेल्या घाईमुळे. बोल्ट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावा. वायसर दर वेळी नवा. जुना दबलेला वायसर झिरपतो, मग माणूस “अजून थोडं” आवळतो, आणि त्या थोड्यातच आटे जातात. बऱ्याच छोट्या गाड्यांत या बोल्टला ३५ ते ४० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा जोर) सांगितलेला असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. ३५ म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १४ किलोचा जोर. तेवढ्याला एक हात पुरतो, पायाने दाबायची गरज नाही.

आणि पुढच्या वेळी मला फोन कराल तेव्हा नुसतं ‘स्लिप’ म्हणू नका. खडूचा ठिपका फिरला की नाही, तेवढं सांगा.