प्रेअरीचा शेतकरी आणि त्यानं उभं केलेलं गाव

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, प्रेअरीवर म्हणजे तिथल्या सपाट गवताळ माळावर, एखादा म्हातारा शेतकरी गेला की स्थानिक साप्ताहिकात त्याच्यावर छोटा मजकूर येतो. शेतीबद्दल त्यात दोन-चार ओळी असतात: जमीन किती, पीक कोणतं, कारभार मुलाकडे केव्हा सोपवला. मग बायकोमुलांची, नातवंडांची नावं येतात आणि त्यापुढे कामांची यादी लांबत जाते. शाळा मंडळाचा सदस्य, व्हीट पूलचा, म्हणजे गहू पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचा प्रतिनिधी, ग्रामीण म्युनिसिपालिटीत निवडून आलेला, बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या रिंकचा खजिनदार, सार्वजनिक हॉल बांधायला उभा राहिलेला, टेलिफोनच्या तारा ओढणारा. माणूस परोपकारी होता, एवढं म्हणून हा विषय संपत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हजारो घरांत तीच यादी दिसते, तेव्हा तिची मुळं जमिनीत आणि इतिहासात शोधावी लागतात.

सुरुवात जमिनीच्या मोजणीपासून होते. 1872 च्या डोमिनियन लँड्स कायद्यानुसार 10 डॉलर फी भरली की 160 एकर जमीन नावावर मागता येई. अट अशी की तीन वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं आणि ठरावीक क्षेत्र लागवडीखाली आणायचं. त्याआधी सगळ्या माळावर चौकटी आखलेल्या होत्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे एक-एक चौरस मैलाचे 36 भाग, आणि प्रत्येक भागाचे चार तुकडे. 11 आणि 29 क्रमांकाचे भाग शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेले, काही हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचे, विषम क्रमांकांचे बरेचसे रेल्वेला दिलेले.

या आखणीत गावठाण नावाची गोष्टच नव्हती. आपल्याकडे घरं एकाला एक लागून असतात आणि शेतं बाहेर. तिथं प्रत्येकानं आपापल्या 160 एकरांवर राहायचं, त्यामुळे शेजारी अर्ध्या मैलावर, कधी दोन मैलांवर. हिवाळ्यात पारा उणे 40 पर्यंत उतरतो. अशा ठिकाणी प्रसूती, आग, आजारपण, काहीही एकट्यानं निभावत नाही. सरकारनं माणसं विखरून बसवली. त्यांना एकत्र आणायचं काम त्यांच्यावरच पडलं.

ही जमीन ‘मोकळी’ होती, असं शाळेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. ते खरं नाही. 1874 चा चौथा आणि 1876 चा सहावा करार क्री, सोल्टो आणि इतर मूळ लोकांशी झाला, तेव्हा त्यांचं जगणं ज्यावर होतं ते बायसनचे कळप संपत आले होते. उपासमारीच्या दडपणाखाली त्यांना राखीव जागांत जावं लागलं. पुढे कित्येक वर्षं राखीव जागेबाहेर पडायला सरकारी एजंटाची चिठ्ठी लागे. स्त्रियांनाही हा कायदा सारखा नव्हता. विधवा किंवा कुटुंबप्रमुख असल्याखेरीज बाईला स्वतःच्या नावावर असा तुकडा मागता येत नसे. शेतकऱ्याच्या कष्टांचं कौतुक करताना हा भाग गाळला, तर ते कौतुक अर्धवट राहतं.

1901 मध्ये या भागाची लोकसंख्या 91,279 होती. 1905 मध्ये सस्कॅचेवान प्रांत झाला आणि 1911 च्या मोजणीत आकडा 4,92,432 वर गेला. ऑन्टारियोतले, इंग्लंडचे, नॉर्वेचे, युक्रेनचे, जर्मन बोलणारे, रशियातून आलेले दुखोबोर पंथाचे, असे सगळे शेजारी-शेजारी आले. लाकूड मिळेना म्हणून अनेकांची पहिली घरं गवताच्या मुळांसकट नांगरून काढलेल्या मातीच्या पट्ट्यांची होती. पाऊस आला की छत गळायचं, आणि बाहेर थांबला तरी घरात दोन दिवस गळतच राहायचं.

गव्हाचा प्रश्न वेगळाच होता. रेड फाइफ हे वाण चांगलं, पण पिकायला उशीर करणारं. सप्टेंबरच्या हिमानं ते हातचं जायचं. रेड फाइफ आणि आपल्या कलकत्त्याहून गेलेलं हार्ड रेड कलकत्ता यांच्या संकरातून चार्ल्स साँडर्स यांनी ओटावाच्या सरकारी शेतावर मार्क्विस हे वाण निवडून काढलं. नमुने थोडे आणि दळायची सोय नाही, म्हणून ते दाणे तोंडात चावून चिकटपणा पाहत. मार्क्विस रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी तयार होई. 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात रोस्थर्नचे शेतकरी सीगर व्हीलर यांनी मार्क्विसचाच नमुना मांडून 1000 डॉलरचं सोन्याचं बक्षीस जिंकलं.

मळणीचं वाफेचं यंत्र एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते शेतोशेत फिरे आणि त्याच्याबरोबर पंधरा-वीस माणसं. ज्याच्या शेतावर यंत्र, त्याच्या घरच्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या सगळ्यांना जेवू घालत. शेजारणी मदतीला येत आणि ही सावड पुढच्या शेतावर सरके. उन्हाळ्यात बर्फाविना मांस टिकत नसे, म्हणून ‘बीफ रिंग’ निघाली. वीसेक घरांनी मिळून पाळी लावायची. दर आठवड्याला एका घरचं जनावर कापायचं आणि प्रत्येक घरानं आपल्या नावाची पिशवी घेऊन यायचं. या आठवड्यात मांडीचा तुकडा मिळाला, तर पुढच्या आठवड्यात फासळीचा. हंगाम संपेपर्यंत प्रत्येक घराला जवळपास एका पूर्ण जनावराचा वाटा मिळे. सगळं वहीत लिहिलेलं. माझ्या मते पुढच्या मोठमोठ्या सहकारी संस्थांची बाराखडी याच वहीत गिरवली गेली.

पण शेजारधर्मानं रेल्वे वळत नाही. गहू विकायचा तर रुळांलगतच्या एलिव्हेटरमध्ये, म्हणजे उंच लाकडी कोठारात न्यायचा. वजन कंपनी करणार, प्रत कंपनी ठरवणार, भावही तीच सांगणार. 1901 मध्ये भरघोस पीक आलं आणि रेल्वेच्या वाघिणींअभावी गहू पडून राहिला. त्या डिसेंबरात इंडियन हेड गावी शेतकरी जमले आणि विल्यम मदरवेल यांच्या पुढाकारानं टेरिटोरियल ग्रेन ग्रोअर्स असोसिएशन उभी राहिली. कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःची वाघीण मागण्याचा हक्क होता, पण स्टेशनवाले एलिव्हेटर कंपन्यांना आधी देत. 1902 मध्ये सिंटालुटाच्या स्टेशन एजंटवर असोसिएशननं खटला भरला आणि तो जिंकला. दंडाच्या रकमेला फार महत्त्व नव्हतं. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला कोर्टात हरवता येतं, हे शेतकऱ्यांना कळलं, हे मोठं झालं.

त्याच सिंटालुटाचे ई. ए. पार्ट्रिज 1905 मध्ये विनिपेगच्या धान्यबाजारात जाऊन सगळा व्यवहार डोळ्यांनी पाहून आले, आणि 1906 मध्ये शेतकऱ्यांचीच ग्रेन ग्रोअर्स ग्रेन कंपनी निघाली. 1924 मध्ये सस्कॅचेवान व्हीट पूल सुरू झाला. पूलचे प्रतिनिधी शेतकऱ्यांनी निवडलेले. दिवसभर शेतात राबून संध्याकाळी घोड्याच्या गाडीतून बैठकीला जायचं, हिशेब वाचायचे, वाद घालायचे. सभा कशी चालवायची, हे या माणसांनी इथं शिकून घेतलं.

मग तिशीचं दशक आलं. 1932 मध्ये बुशेलभर, म्हणजे साधारण 27 किलो गव्हाला 40 सेंटही मिळेनात. 1937 च्या दुष्काळात प्रांताचा सरासरी उतारा एकरी तीन बुशेलही भरला नाही. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारींची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपले. पंतप्रधान बेनेट यांच्यावरून लोक त्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. पूर्वेकडच्या प्रांतांतून रेल्वेनं सफरचंदं आणि खारवलेला कॉड मासा मदत म्हणून आला. समुद्र कधी न पाहिलेल्या अनेक घरांना तो मासा शिजवायचा कसा, हेच कळेना.

या सगळ्या काळात सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न डॉक्टरचा होता. त्याबाबतीत प्रेअरीच्या शेतकऱ्यानं जे केलं, त्याचं मोल कॅनडाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. 1915 च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण म्युनिसिपालिटीचा डॉक्टर गाव सोडून निघाला होता. सदस्यांनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच, ठरवलं की जमिनीच्या करातून त्याला वर्षाला 1500 डॉलर द्यायचे आणि ठेवून घ्यायचं. कायद्यात तशी सोय नव्हती. ती 1916 मध्ये करून घेतली. त्याच वर्षी अनेक म्युनिसिपालिट्यांनी मिळून एक इस्पितळ चालवण्याचा कायदाही आला. त्यामागे व्हायोलेट मॅकनॉटन यांच्यासारख्या शेतकरी बायका होत्या. मातीच्या घरात संसार केलेल्या या बाईंनी सुईण, परिचारिका आणि दवाखाना प्रत्येक घराच्या आवाक्यात हवा, ही मागणी लावून धरली. प्रांतातल्या स्त्रियांना मताचा हक्कही त्याच वर्षी मिळाला.

पुढचं पाऊल मॅट अँडरसन यांचं. मूळचे नॉर्वेचे, शेतकरी, मॅकिलॉप म्युनिसिपालिटीचे रीव्ह, म्हणजे अध्यक्ष. मायदेशातली आरोग्यविम्याची पद्धत त्यांना माहीत होती. कर भरायचा आणि डॉक्टर आपल्या पसंतीचा निवडायचा, अशी योजना त्यांनी मांडली आणि ती नेटानं पुढे रेटली. 1939 मध्ये सरकारला तसा कायदा करावा लागला. 1946 मध्ये स्विफ्ट करंट भागातल्या म्युनिसिपालिट्यांनी एकत्र येऊन सगळ्या रहिवाशांसाठी आरोग्यसेवा सुरू केली. पिटव्हिल म्युनिसिपालिटीचे सचिव विल्यम बुराक यांनी त्यासाठी जिल्हाभर प्रचार केला होता.

प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे प्रमुख, टॉमी डग्लस यांच्या सरकारनं 1947 मध्ये इस्पितळविमा आणला, आणि 1 जुलै 1962 ला डॉक्टरांची फीसुद्धा सार्वजनिक विम्यातून देण्याचा कायदा लागू झाला. डॉक्टरांनी 23 दिवस संप केला. तो मिटला, योजना टिकली, आणि 1966 च्या केंद्रीय कायद्यानं ती देशभर नेली. श्रेय डग्लस यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या सरकारच्या हाती तीस वर्षांचा अनुभव आयता आला होता. तो शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर कर बसवून मिळवलेला होता.

त्यानंतर माणसं कमी होत गेली. 1936 मध्ये सस्कॅचेवानमध्ये 1 लाख 42 हजारांवर शेतं होती. 2021 मध्ये साधारण 34 हजार उरली. ट्रॅक्टर आणि कंबाइन, म्हणजे कापणी-मळणी एकदम करणारी यंत्रं, मोठी झाली, एका कुटुंबाला हजारो एकर झेपू लागले. क्रो रेट, म्हणजे धान्यवाहतुकीचा जुना सवलतीचा दर आधीच गेला होता, 1995 मध्ये त्याच्या जागी आलेलं अनुदानही संपलं. शाखा-रेल्वे बंद पडल्या, लाकडी एलिव्हेटर पाडले गेले. 1993 मध्ये तर प्रांत सरकारनं 52 छोट्या ग्रामीण इस्पितळांचा निधी काढून घेतला. ज्यांच्या आजोबांनी ती इस्पितळं उभी केली, त्यांना ते किती लागलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तरी शेतकरी जुनी पद्धत नव्या पिकाला लावतो. सस्कॅचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी मसुराचं लेअर्ड हे वाण 1978 मध्ये दिलं. 1984 पासून डाळी पिकवणाऱ्यांनी विक्रीवर स्वतःच उपकर लावून घेतला आणि तो संशोधनाला दिला. आज भारतात आयात होणाऱ्या मसुराचा मोठा वाटा कॅनडातून येतो, आणि कॅनडाच्या मसुरातला बहुतांश याच प्रांताचा. पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानातल्या मसूरडाळीशी त्या उपकराचा असा थेट संबंध आहे.

ग्रामीण म्युनिसिपालिट्या आजही 296 आहेत. मूळ आखणीप्रमाणे एकेक साधारण 18 मैल लांब-रुंद, सहा विभाग, प्रत्येकाचा एक निवडून दिलेला सदस्य आणि वर एक रीव्ह. काहींची वस्ती आता काहीशेवर आली आहे. तरी रस्त्याचा बर्फ काढणं, पूल दुरुस्त करणं, अग्निशमन दलाला पैसे पुरवणं ही कामं त्यांच्याकडेच आहेत. ऐन कापणीत कुणी आजारी पडला, तर शेजारी आपापली कंबाइन यंत्रं घेऊन त्याच्या शेतात उतरतात. आधी त्याचं पीक निघतं, मग स्वतःचं.