रेच्याची नक्कल: पेटंट असूनही कापसाचे यंत्र सगळ्यांचे कसे झाले

तालुक्याच्या गावी वेल्डिंगचे दुकान चालवणाऱ्या मिस्त्रीकडे बाहेरच्या कंपनीचे एखादे नवे टोकण यंत्र दुरुस्तीला आले, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवडी बाजारापर्यंत तसलेच यंत्र त्याच्या दारात विकायला उभे असते. चाकाच्या चोची तेवढ्याच, दांडा जरा जाड, रंग वेगळा आणि किंमत कमी. शेतकऱ्याला ते परवडते, मिस्त्रीला त्यात काही वावगे वाटत नाही, आणि मूळ कंपनीने खोक्यावर ‘पेटंट’ असे ठळक छापले असले तरी तिचा माणूस सहसा इथवर पोहोचत नाही. अवजारांच्या या नकलेला कोणी चोरी म्हणते, कोणी हुशारी. वाद मात्र जुना आहे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ज्या पिकावर विदर्भातला शेतकरी उभा आहे, त्याच पिकाच्या यंत्राचे आहे. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राची, म्हणजे रेच्याची, गेल्या सव्वादोनशे वर्षांत जेवढी नक्कल झाली, तेवढी शेतीशी संबंधित दुसऱ्या यंत्राची क्वचितच झाली असेल.

या यंत्राचे जुने रूप आपल्याकडचेच आहे. हातरेच्यात एकमेकींना चिकटून उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन बारीक लाटा, म्हणजे रोलर, असत. त्यांच्या फटीतून तंतू पलीकडे ओढला जाई आणि फटीत न मावणारी सरकी अलीकडे गळून पडे. एकच मूठ फिरवून दोन्ही लाटा फिराव्यात म्हणून त्यांच्या टोकांना मळसूत्रासारखे आटे कोरलेले असत, आणि हे आटे गावचा सुतार नजरेच्या अंदाजाने कोरत असे. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात याहूनही साधा, एका लाटेचा रेचा असल्याचे काही अभ्यासक मानतात; तो अंदाज बरोबर असेल तर हे तंत्र किमान दीड हजार वर्षे जुने ठरते. दोन लाटांची यंत्रे पुढे अटलांटिकपलीकडच्या मळ्यांवरही चालत होती. त्यांचा मूळ कर्ता कोण, हे कोणी विचारले नाही आणि त्याबद्दल कोणाला पैसाही द्यावा लागला नाही.

अमेरिकेच्या दक्षिण भागात अडचण वेगळी होती. समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसाची गुळगुळीत काळी सरकी लाटांमधून सहज सुटत असे. परंतु आतल्या प्रदेशात जो आखूड धाग्याचा कापूस पिके, त्याच्या हिरवट सरकीला तंतू इतका घट्ट चिकटलेला असे, की हाताने वेचून एका माणसाची दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघे. येल विद्यापीठातून १७९२ मध्ये पदवी घेऊन जॉर्जियात आलेला इलाय व्हिटनी कॅथरीन ग्रीन या विधवा जमीनदारणीच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर थांबला असताना त्याने ही अडचण पाहिली. त्याने लाट सोडून दिली आणि एका लाकडी नळकांड्यावर तारेचे आकडे बसवले. हे आकडे एका जाळीच्या अरुंद फटींतून जाताना तंतू ओढून नेत, सरकी जाळीला अडून राही, आणि मागे उलट दिशेने अधिक वेगाने फिरणारा ब्रश आकड्यांवरची रुई झाडून काढी. १४ मार्च १७९४ रोजी त्याला या यंत्राचे पेटंट मिळाले.

व्हिटनीची खरी चूक यंत्रात नव्हती, व्यवहारात होती. त्याने आणि त्याचा भागीदार फिनियस मिलर याने यंत्रे विकायचीच नाहीत असे ठरवले. ठिकठिकाणी स्वतःचे रेचे बसवायचे, मळेवाल्यांचा कापूस त्यांत काढून द्यायचा आणि मोबदला म्हणून रुईचा पाचात दोन हिस्सा ठेवून घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. शंभर क्विंटलमागे चाळीस क्विंटल जिनिंगवाल्याचे (रेचे चालवणाऱ्या कारखानदाराचे), असा दर आज वणीत किंवा हिंगणघाटात कोणी लावला, तर यार्डात काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यात १७९५ च्या मार्चमध्ये न्यू हेवनचा त्यांचा कारखाना जळाला आणि यंत्रे पुरवण्याची आधीच तोकडी असलेली क्षमता आणखी घटली. कापूस वाढत होता, यंत्रे नव्हती, दर अवाच्या सवा होता आणि यंत्र एवढे सोपे, की एकदा पाहिलेला कोणताही सुतार-लोहार ते बनवू शकत होता. पेटंट हाती येण्याआधीच लोकांनी शेडचे दार फोडून यंत्र पाहिले, असेही सांगितले जाते.

नकला करणाऱ्यांत केवळ गावठी कारागीर नव्हते. हॉजेन होम्स याने १७९६ मध्ये स्वतःचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात तारेच्या आकड्यांऐवजी दाते कापलेल्या धातूच्या गोल चकत्या, म्हणजे करवतीच होत्या. व्हिटनीचे म्हणणे असे, की तार असो वा करवत, तत्त्व माझेच; प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की करवत हीच खरी सुधारणा. हा वाद नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण यंत्रांच्या धंद्यातली नक्कल आजही बहुतेक वेळा याच रीतीने होते: मूळ यंत्राचा गाभा तसाच ठेवायचा, त्यातला एक भाग बदलायचा, आणि बदललेल्या भागाकडे बोट दाखवायचे. पुढे बाजारात टिकली ती करवतच, आणि आज अमेरिकेतला बहुतेक कापूस करवतीच्या रेच्यानेच निघतो.

न्यायालयात व्हिटनीला आडवा आला तो कायद्यातला एक उभयान्वयी शब्द. १७९३ च्या अमेरिकी पेटंट कायद्यात, जो कोणी यंत्र ‘बनवील आणि वापरील, किंवा विकील’ त्याला दंड, अशा आशयाची रचना होती. ज्या मळेवाल्याने दुसऱ्या कारागिराकडून नकली रेचा विकत घेतला, त्याने तो वापरला खरा, पण बनवला नव्हता. आणि ‘आणि’ या शब्दामुळे दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागत. १७९७ मध्ये व्हिटनी आणि मिलर यांचा पहिला दावा याच फटीत अडकून फेटाळला गेला. १८०० मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, ती फट बुजवली, तोवर नकली यंत्रे जॉर्जियाभर पसरली होती. वाफेच्या जहाजामुळे प्रसिद्ध असलेल्या रॉबर्ट फुल्टनला लिहिलेल्या पत्रात व्हिटनीने एक प्रसंग सांगितला आहे: आपले यंत्र जॉर्जियात वापरले जाते एवढेच सिद्ध करताना त्याची दमछाक झाली, आणि त्याच वेळी न्यायालयाच्या इमारतीपासून पन्नास यार्डांच्या आत अशी तीन यंत्रे इतक्या जवळ चालू होती, की त्यांचा खडखडाट पायऱ्यांवर स्पष्ट ऐकू येत होता.

दक्षिण कॅरोलिनाने पेटंटचे हक्क ५०,००० डॉलरला विकत घेतले, मग हप्ते थांबवले, दिलेले पैसे परत मिळावेत म्हणून दावा केला आणि १८०४ मध्ये पुन्हा कराराला मान्यता दिली. जॉर्जियात व्हिटनीच्या बाजूने ठोस निकाल लागेपर्यंत पेटंटची मुदत संपत आली होती. १८१२ मध्ये त्याने मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. तोवर तो सरकारसाठी बंदुका बनवण्याच्या कामाला लागला होता. रेच्याने कोणाचे भले केले हे मोजताना एक गोष्ट विसरता येत नाही: स्वस्तात झटपट निघणाऱ्या रुईमुळे कापसाखालची जमीन वाढली आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढली. पेटंटचा हिस्सा व्हिटनीला मिळाला असता किंवा नसता, गुलामांच्या वाट्याला दोन्ही पक्षी तेच आले असते.

विदर्भाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे यंत्र १८४० चे आहे. अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीने त्या वर्षी लाटेकडे परत जाऊन एक नवा रेचा पेटंट केला. त्यात चामडे गुंडाळलेला एकच रोलर, त्याला दाबून बसवलेली एक स्थिर सुरी आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी होती. रोलर तंतू सुरीखाली ओढून नेई आणि हलती सुरी सरकीला टोचा मारून बाहेर ढकली. करवतीसारखा धागा तुटत नसे. तसा करवती रेचा आपल्या देशात आधी येऊन गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकी मळेवाले आणि त्यांची यंत्रे भारतात आणली. धारवाडकडे ती थोडीफार रुजली, मात्र आखूड धाग्याच्या देशी कापसाला करवत बहुतेक ठिकाणी मानवली नाही.

अमेरिकेतले पेटंट अमेरिकेपुरते असते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. इंग्लंडमधल्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कंपनी मॅकार्थीच्या पद्धतीचे रेचे मोठ्या प्रमाणावर बनवू लागली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला आणि १८७० मध्ये खामगावला पोहोचली. १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. अमरावती, अकोला, खामगाव, हिंगणघाट या गावांत वाफेवर चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेडमध्ये रांगेने लागलेल्या यंत्रांचा गाभा मॅकार्थीचाच होता. हातरेचा मागे पडला. ज्या देशातून लाटेची कल्पना बाहेर गेली असावी, तिथेच ती चामडे आणि सुरी लावून, विलायती कारखान्याची पाटी मिरवत, मोल देऊन परत आली.

भारतातला पेटंट कायदा १८५६ चा. त्याखालचे पहिले पेटंट पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी कलकत्त्याच्या जॉर्ज डी पेनिंग याने घेतले, यावरून त्या काळच्या साहेबांची मुख्य अडचण काय होती ते कळते. पुढे १९११ आणि १९७० चे कायदे आले. यंत्रांच्या बाबतीत आजची व्यवस्था थोडक्यात अशी: पेटंटची मुदत अर्जापासून वीस वर्षे, ती टिकवायला दरसाल शुल्क, आणि यंत्राच्या केवळ बाह्य रूपासाठी २००० च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदणी, जिची मुदत दहा अधिक पाच वर्षे. संरक्षण मिळते ते अर्जातल्या ‘दाव्यां’ना, म्हणजे यंत्रात आपले नवे काय ते नेमके मांडणाऱ्या कलमांना; दाव्यात जे लिहिले नाही ते कोणीही घ्यावे. म्हणूनच प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते एकमेकांचे दावे आपल्या स्वतःच्या जाहिरातींपेक्षा बारकाईने वाचतात.

दाव्यात बसणारी नक्कलही बहुधा खपून जाते, त्याचे कारण माझ्या मते हिशेबात आहे. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. प्रतिवादीने ‘मुळात हे पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा केला, की प्रकरण उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात जाते. तिथे प्रश्न येतो नवेपणाचा. रेच्याच्या धंद्यात तर रोलर, स्थिर सुरी आणि हलती सुरी हा गाभा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उघडा झालेला असल्यामुळे, एखाद्या छोट्या सुधारणेवरचे पेटंट ‘हे तर कोणालाही सुचले असते’ या युक्तिवादापुढे टिकेलच याची खात्री मूळ कंपनीलाही नसते. चार रेचे बनवणाऱ्या एका वर्कशॉपला धडा शिकवायला जाऊन स्वतःचे पेटंटच गमावण्यापेक्षा ती नोटीस पाठवून गप्प बसते. वर्कशॉपवालाही नोटीस फाइलला लावतो.

मुदत संपलेल्या रचनेची नक्कल ही मुळात नक्कलच नव्हे, हेही येथे स्पष्ट करायला हवे. विदर्भात आज बहुतेक जिनिंगमध्ये दिसणारा डबल रोलर रेचा मॅकार्थीच्या यंत्राचाच वंशज आहे आणि त्याच्या मूळ तत्त्वावर कोणाचाही हक्क उरलेला नाही. नागपुरात बनलेली अशी यंत्रे आफ्रिकेतही जातात. २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेतून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला साहाय्य मिळाले आणि स्पर्धा स्वयंचलित भरणी, कचरा साफ करणे, रोलरचे चामडे अशा आनुषंगिक भागांकडे सरकली. क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या रोलरची धूळ रुईत मिसळते आणि कामगारांच्या छातीत जाते, म्हणून रबर व कापडाच्या रोलरवर संशोधन झाले. आता नव्या पेटंटांना जागा आहे ती या कडेच्या भागांत, आणि नकलाही तिथेच होतात.

गेल्या हंगामात एका तालुक्याच्या जिनिंगमध्ये मी असे काम जवळून पाहिले. रोलरवरच्या तिरप्या खाचा झिजल्या, की तंतू नीट ओढला जात नाही आणि सरकीला रुई चिकटून राहते. मग रोलर उतरवून त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्यासाठीचे विकतचे साधन बाजूला पडले होते आणि मिस्त्री स्वतः बनवलेल्या दुसऱ्यावर काम करीत होता. लेथचा जुना पाट, त्यावर सरकणारी करवतीची चकती, आणि रोलर ठरावीक कोनात फिरावा म्हणून मागे ट्रॅक्टरच्या भंगारातले एक दातेरी चाक. विकतच्या साधनाची मापे त्याने पुठ्ठ्यावर उतरवून घेतली होती आणि पुठ्ठा अजून खिळ्याला लटकत होता. पेटंटचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “एक डाव खोलून पाह्यलं का समजते नं भाऊ, त्याले कागद कायले लागते?”

नागपुरात १९८० पासून पेटंट माहिती केंद्र आहे. मुदत संपलेल्या पेटंटांची कागदपत्रे, नकाशांसह, कोणालाही पाहता यावीत हे त्याच्या कामातच येते. हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने मान डोलावली आणि करवत थांबवून मला शेडच्या दुसऱ्या टोकाला नेले. दातेरी चाकाची युक्ती त्याची स्वतःची होती, आणि शेजारच्या तालुक्यातल्या जिनिंगचा फिटर दिवाळीत येऊन तिचे फोटो काढून गेला होता. “बनवलं त्यानं,” मिस्त्री म्हणाला, “पण चाक उलटं बसवलं.” मग तो पुन्हा रोलरकडे वळला, कारण संध्याकाळच्या पाळीला यंत्र सुरू करायचे होते आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.