घंटाळीतलं व्हीगन हॉटेल आणि दुधाचा घोळ

ठाण्यात घंटाळीजवळच्या गल्लीतलं ते व्हीगन हॉटेल, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून येणारं काहीच न वापरणारं, बंद झाल्यापासून 'ठाण्यात व्हीगन खातो कोण?' असं म्हणून विषय मिटवणारे बरेच भेटतात. मंगळवारी दुपारी एकनंतर तिथे गेलेल्यांना विचारा. बिरडं संपलेलं असायचं.

व्हीगन हा शब्द १९४४ सालचा, इंग्लंडमधला. वालाचं बिरडं, सोलकढी, नारळाच्या दुधातल्या शिरवळ्या मात्र ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरांत कितीतरी आधीपासून होत आल्या आहेत, आणि पुरणपोळी तुपाऐवजी नारळाच्या दुधाशी खाणारी घरंही आहेत. हॉटेल सुरू झालं ते याच पदार्थांवर. सकाळी दोघीजणी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसत. दाणा चिमटीत दाबला की सालातून सुटून परातीत. नारळाचं जाड दूध अगदी शेवटी, गॅस बारीक करून. घाई केली की फुटतं.

भानगड झाली ती शब्दांवरून. पाकिटावरचा हिरवा ठिपका २००१ पासूनचा. त्यामागच्या व्याख्येत प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी ठरतात, पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मध वगळून. त्यामुळे आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हणजे तूप-दही आलंच. हॉटेलच्या पाटीवर आधी 'शुद्ध शाकाहारी' होतं. लोक आत येऊन ताक मागत, नाही म्हटलं की चिडत. मग पाटी बदलून 'व्हीगन' केली, तर तेच लोक 'ते डाएटवाल्यांचं असतं' म्हणून पुढे जाऊ लागले. मेनू तोच, स्वयंपाकघर तेच.

त्यात २०२१ आलं. केंद्रीय अन्न नियामकाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की सोया, बदाम, ओट यांच्या पेयांना 'दूध' म्हणून विकू नका. आधार २०११ च्या मानकांचा: दूध म्हणजे दुभत्या जनावराच्या सडातून येतं ते. अपवाद मात्र ठेवले, नारळाचं दूध आणि पीनट बटर, कारण ही नावं रुळलेली आहेत. रुळलेलंच बघायचं तर मराठीत ज्वारीच्या दाण्यातही दूध भरतं, आणि दुधी भोपळ्याला अजून कुणी नोटीस धाडलेली नाही. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. आदेशाचा रोख पाकीटबंद पेयांवर होता, हॉटेलात वाटून-गाळून केलेल्या बदामाच्या दुधावर नव्हे. तरी मालकांनी धसका घेतला आणि मेनूकार्डावर 'बदाम पेय', 'ओट पेय' छापून घेतलं. नेहमीची गिऱ्हाइकं त्यावर अजून वाद घालतात. काहींच्या मते घरपोच ॲपवर टिकायचं तर दुसरा इलाज नव्हता. मला तो निर्णय चुकीचाच वाटतो. 'पेय' ऐकून पावडर कालवल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर बदाम-ओटच्या दुधातल्या कॉफीची मागणी बसली ती बसलीच. सोलकढीच्या नावाला मात्र कुणी हात लावला नाही.

२०२२ मध्ये व्हीगन अन्नाचे स्वतंत्र नियम आले, हिरव्या 'व्ही'चं चिन्ह आलं. पाकिटवाल्यांची सोय झाली. बिरड्याला त्याचा काय उपयोग?

टाळेबंदीत २०२० च्या मार्चपासून ५ ऑक्टोबरपर्यंत आणि पुन्हा २०२१ च्या एप्रिलपासून बसून खाणं बंद होतं. त्यातून हॉटेल तरलं, डब्यांवर. बुडवलं ते इमारतीने. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नवे नियम, लागू झाली आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जोर चढला. रिडेव्हलपमेंटमध्ये सभासदांना नवी जागा मिळते, पागडीवाल्यांनाही हक्क सांगता येतो. लिव्ह-लायसन्सवर गाळा घेतलेल्याला मुदत संपली की चावी द्यायची, बास. जवळपास दुसरा गाळा बघितला, पण डिपॉझिटचा आकडा ऐकून मालक परत आले. घोडबंदर रोडला जा, असं सुचवणारेही होते. तिथे मंगळवारी बिरड्यासाठी कोण येणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वनस्पतीजन्य दुधाच्या पेयांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. सोयावरचा १२ होता, तोही ५ झाला. तोवर गाळ्यासमोर बिल्डरचे निळे पत्रे लागले होते.