६२५च्या गोळीतले दुसरे औषध

सायनस, कान किंवा दाढेच्या जंतुसंसर्गावर डॉक्टर बऱ्याचदा ‘६२५’ लिहून देतात आणि मेडिकलवालाही गोळी त्याच आकड्याने ओळखतो. हा आकडा म्हणजे बेरीज आहे: ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल. जिवाणू मारण्याचे काम पहिले करते. दुसरे एकटे असते तर त्याचा फारसा उपयोग झाला नसता. पण ही गोळी घेताना जे नियम पाळायचे, त्यांतले बरेचसे या दुसऱ्यापायीच आहेत.

अमॉक्सिसिलिन जिवाणूला त्याची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, आणि जिवाणू फुटतो. अनेक जिवाणूंनी यावर तोड काढली. ते बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर (एन्झाइम) बनवतात आणि हे विकर अमॉक्सिसिलिनमधले चार अणूंचे कडे तोडून टाकते. तसेच कडे क्लॅव्युलॅनिक आम्लातही असते. विकर त्यावर तुटून पडते आणि तिथेच अडकून निकामी होते. तेवढ्या वेळात अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरस या जिवाणूपासून मिळणारे हे आम्ल अमॉक्सिसिलिनच्या जोडीने १९८१ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले.

आता बेरजेतली गोम. ३७५ची गोळी म्हणजे २५० अधिक १२५, आणि एक ग्रॅमची म्हणजे ८७५ अधिक १२५. दुसरा आकडा तिन्हींत तोच. म्हणून दुकानात ६२५ नसली तर ‘३७५च्या दोन घ्या’ हा सल्ला चुकीचा. अमॉक्सिसिलिन ५०० होते खरे, पण क्लॅव्युलॅनिक आम्ल दुप्पट होते आणि पोट बिघडण्याची शक्यता वाढते. ६२५ची अर्धी गोळीही ३७५च्या बरोबरीची नाही. ताकद बदलायची असेल तर डॉक्टरांना फोन करावा.

गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. तेव्हा क्लॅव्युलॅनिक आम्ल चांगले शोषले जाते आणि मळमळही कमी होते. (दुधाची भीती नको, ते पथ्य डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकांचे.) अमॉक्सिसिलिनचे रक्तातले प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, त्यामुळे ‘दिवसातून दोनदा’ याचा अर्थ सकाळी आठ आणि रात्री आठ असा घ्यायचा, सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच असा नव्हे. एखादी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, पण पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

क्लॅव्युलॅनिक आम्लाला दमटपणा अजिबात सोसत नाही. गोळ्या जाड अॅल्युमिनियमच्या पाकिटात येतात त्या यासाठीच. आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून वारांच्या डबीत भरून ठेवणे, तेही कोकणातल्या पावसाळ्यात, म्हणजे औषध वाया घालवणे. गोळी खायच्या वेळीच फोडावी. रंग बदललेली किंवा डाग पडलेली गोळी टाकून द्यावी.

लहान मुलांच्या सिरपमध्ये चुका सर्वांत जास्त होतात. बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली आपटून पूड मोकळी करावी. उकळून पूर्ण गार केलेले पाणी (किंवा खोक्यात दिलेले) खुणेच्या निम्म्यापर्यंत घालून जोरात हलवावे, मग खुणेपर्यंत भरावे. फेस बसला की पातळी खाली जाते. पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून हलवावे. ही शेवटची पायरी गाळली की सिरप ठरल्यापेक्षा दाट राहते आणि प्रत्येक मात्रा जास्त जाते. पाणी कोमट असले तर औषध तिथेच खराब व्हायला लागते. तयार बाटली फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवावी, दारात किंवा बर्फाच्या खणात नको. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि सहसा ७ दिवसांनी उरलेले सिरप फेकावे. लेबलवर वेगळी मुदत असेल तर ती पाळावी. घरी फ्रीज नसेल तर तसे आधीच सांगावे, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात.

सिरपवरचे आकडेही बेरजेचेच असतात. २२८.५ म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये २०० अधिक २८.५, ४५७ म्हणजे ४०० अधिक ५७. चिठ्ठीवर पहिले असताना दुकानातून दुसरे आले आणि आई ‘पाच मिली’च देत राहिली, तर बाळाला दुप्पट औषध जाते. बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून बघावा. मापाला सिरिंज किंवा सोबतची टोपी घ्यावी, चहाचा चमचा नको.

सर्दी, साधा फ्लू आणि डेंग्यू विषाणूंमुळे होतात, तिथे या औषधाचा उपयोग शून्य. पेनिसिलिनची अॅलर्जी पूर्वी आली असेल तर गोळी लिहून देण्याआधीच सांगावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा संधिवातावरचे मेथोट्रेक्सेट चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर तेही. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे. शौचाला थोडे पातळ होणे नेहमीचे आहे. पण जुलाबात रक्त दिसले किंवा पोटात पिळवटून जुलाब होऊ लागले, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नये. मोठ्या आतड्याचा वेगळाच संसर्ग असू शकतो.

यकृताला होणारा त्रास मात्र विरळा आणि फसवा. तोही मुख्यतः क्लॅव्युलॅनिक आम्लाचाच, आणि वयस्कर पुरुषांत व लांबलेल्या उपचारांत जास्त दिसतो. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. तोवर दाढेचे दुखणे विसरलेले असते आणि काविळीवर झाडपाला सुरू होतो. अशा वेळी डॉक्टरांना महिन्या-दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्या सांगाव्यात, जुनी चिठ्ठी दाखवावी. एकदा या औषधाने कावीळ झाली की ते पुन्हा घ्यायचे नसते.